वारा सगळ्यांचा, डोंगर कोणाचा?

‘वावर’ हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. विदर्भ-खानदेशाकडे वावर म्हणजे शेत. एरवी वावर म्हणजे जाणे-येणे, राबता. पालघर जिल्ह्यातील जव्हार तालुक्यात वावर नावाचे एक गावही आहे. जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ मुलखात नागली-वरईची शेते उतारांवर असतात. सरपण, चारा, रानभाज्या, कंद, मोहाची फुले यांसाठी माणसांचा रोजचा वावर डोंगरावर आणि रानात असतो. म्हणजे शब्दाचे दोन्ही अर्थ येथे एकाच जागी नांदतात.

समजा, अशा एखाद्या डोंगरावर काही माणसे येतात आणि एक उंच खांब उभा करून जातात. खांबाच्या टोकाला फिरणाऱ्या वाट्या बसवलेल्या आहेत. शाळेतली मुले विचारतात, “गुरुजी, ते काय आहे?” वाऱ्याचा वेग मोजायचे ते यंत्र आहे, हे आपण सांगू शकतो. पण मुलांचा पुढचा प्रश्न अवघड असतो. “पवनचक्की आली तर ती चांगली की वाईट?”

पाठ्यपुस्तकात याचे उत्तर एका ओळीत मिळते. पवनऊर्जा स्वच्छ आहे, तिला इंधन लागत नाही, तिच्यातून धूर निघत नाही. हे सारे खरेच आहे. तरीही महाराष्ट्रात, देशात आणि परदेशातही पवनचक्क्यांना गावांनी विरोध केला आहे आणि काही भांडणे न्यायालयापर्यंत गेली आहेत. ही माणसे विज्ञानाच्या विरुद्ध आहेत असे समजण्याचे कारण नाही. भांडण नेमके कशाचे असते आणि त्याचा निवाडा कशाच्या आधारे होतो, हे या लेखात पाहू या.

वारा डोंगरावरच का शोधतात?

याचे उत्तर आठवी-नववीच्या भौतिकशास्त्रात आहे. वाहत्या हवेची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. शिवाय वेग वाढला, की पात्यांच्या वर्तुळातून दर सेकंदाला जाणारी हवाही त्याच प्रमाणात वाढते. दोन्ही एकत्र केले, की वाऱ्यातील शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते असे दिसते. आता साधे गणित करू. ५ चा घन १२५ आणि ६ चा घन २१६. म्हणजे वाऱ्याचा वेग सेकंदाला ५ मीटरवरून ६ मीटर झाला, तर वेग वाढतो फक्त २० टक्क्यांनी. पण शक्ती वाढते सुमारे ७३ टक्क्यांनी. वेग ८ मीटर झाला तर शक्ती चौपट होते.

या सगळ्या शक्तीची वीज होत नाही. वाऱ्यातील सारी ऊर्जा काढून घेतली, तर हवा पात्यांमागेच थांबेल आणि नव्या हवेला वाट उरणार नाही. म्हणून कितीही उत्तम चक्की केली तरी वाऱ्याच्या शक्तीपैकी ५९ टक्क्यांहून अधिक हाती लागत नाही. ही मर्यादा बेट्झ या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाते.

वेगातल्या एवढ्याशा फरकाने वीज इतकी वाढत असेल, तर कंपनी सर्वांत जोराचा वारा जेथे असेल तेथेच जाणार. सह्याद्रीत तो वारा कड्यांवर, डोंगरांच्या धारांवर आणि उघड्या पठारांवर असतो. नेमक्या याच जागी देवराया असतात, दुर्मिळ झाडे-प्राणी असतात, गुरांची कुरणे असतात आणि खालच्या झऱ्यांना पाणी पुरवणारी जमीन असते. म्हणजे संघर्षाचे एक मूळ या घनाच्या नियमातच आहे.

चक्की लहान, वाट मोठी

चक्कीच्या पायाला जागा थोडीच लागते, असे नेहमी सांगितले जाते. तेही खरे आहे. पण चक्की डोंगरावर पोहोचवायची कशी? ८०० किलोवॅटच्या, ५३ मीटर व्यासाच्या एका चक्कीचा विचार करू. तिचे एकेक पाते सुमारे २६ मीटर लांब, म्हणजे शाळेच्या चार-पाच वर्गखोल्या ओळीने मांडल्या तर होतील एवढे असते. ते दुमडता येत नाही. ते घेऊन जाणाऱ्या गाडीला घाटातले आखूड वळण चालत नाही. त्यासाठी रुंद रस्ता आणि मोठी वळणे लागतात. मनोरा उभा करणाऱ्या क्रेनला सपाट जागा लागते. त्यानंतर वीज वाहून नेणाऱ्या तारा आणि उपकेंद्र येते.

शिवाय चक्क्या एकमेकींना खेटून उभ्या करता येत नाहीत, कारण पुढच्या चक्कीमागे वारा मंद आणि खवळलेला असतो. दोन चक्क्यांत व्यासाच्या निदान पाचपट अंतर ठेवले, तर ते सुमारे २६५ मीटर होते. अशा १०० चक्क्या डोंगराच्या धारेवर एका रांगेत लावल्या, तर ती रांग २६ किलोमीटर लांब होईल आणि तेवढाच रस्ता लागेल. डोंगरउतारावर रस्ता कापला, की निघालेली माती खाली ढकलली जाते. सह्याद्रीच्या पावसात ती माती कोठे जाते हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. ती खालच्या भातखाचरात आणि ओढ्यात येते.

आंध्रा तलावाच्या डोंगरांवर

हे सारे पुणे जिल्ह्यातील खेड आणि मावळ तालुक्यांत घडले. भीमाशंकर अभयारण्याच्या शेजारच्या डोंगरांवर एनरकॉन (इंडिया) या कंपनीचा आंध्रा लेक पवनऊर्जा प्रकल्प आला. प्रस्ताव ११३ मेगावॅटचा होता आणि त्यासाठी सुमारे १९५ हेक्टर वनजमीन देण्यात आली. ज्या तलावाचे नाव प्रकल्पाला मिळाले, त्याच्या पाण्यावर भिवपुरीचे वीजकेंद्र १९२२ पासून चालते. तेथून जवळच मुळशीच्या शेतकऱ्यांनी १९२१ मध्ये धरणाविरुद्ध सत्याग्रह केला होता. मुंबईची वीज आणि मावळची जमीन हा वाद शंभर वर्षांचा आहे.

गावकरी आणि पर्यावरण कार्यकर्ते यांनी या प्रकल्पाविरुद्ध तक्रारी केल्या. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट परिसर तज्ज्ञ गटाने त्यांची दखल घेतली आणि २०११ च्या अहवालात त्यावर लिहिले. त्यातील एक तपशील प्रत्येक शिक्षकाने लक्षात ठेवावा असा आहे. जागा पाहून आलेल्या वनक्षेत्रपालाने आपल्या अहवालात लिहिले होते, की येथे सदाहरित जंगल आहे आणि शेकरू आहे. शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी. प्रकल्पाला परवानगी देऊ नये असेही त्याने सुचवले होते. वरच्या पातळीवर ही नोंद बाजूला राहिली आणि मंजुरी मिळाली.

रस्त्यांच्या कामामुळे झालेली मातीची धूप आणि शेतांत उतरलेला गाळ यांचाही उल्लेख त्या अहवालात आहे. आणखी एक गोष्ट तेथे नोंदवली आहे. ज्या डोंगरांवर लोकांचा पिढ्यान्‌पिढ्या वावर होता, तेथे पहारेकरी उभे राहिले आणि लोकांना अडवले जाऊ लागले. वनहक्क कायद्याखाली लोकांचे हक्क ठरवण्याचे काम मात्र झालेले नव्हते.

असे प्रकरण केवळ पुण्यापुरते नाही. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात वनजमिनीवर पवनचक्क्या आल्या, तेव्हा त्याच जमिनी कसणाऱ्या आदिवासींनी आंदोलने केली. आंध्र प्रदेशातील तेव्हाच्या अनंतपूर जिल्ह्यात कल्पवल्ली नावाचे रान आहे. १९९० च्या दशकापासून गावकऱ्यांनी राखून ते पुन्हा हिरवे केले. सरकारी कागदावर मात्र ती ‘पडीक जमीन’ होती. तेथे चक्क्या उभ्या राहिल्यावर तिंबक्तू कलेक्टिव्ह ही संस्था २०१३ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे गेली. पवनऊर्जा प्रकल्पांनाही पर्यावरणीय तपासणी लागू करावी, अशी तिची मागणी होती.

सरड्याची साक्ष

न्यायालयात ‘आम्हांला असे वाटते’ एवढे म्हणून भागत नाही. पुरावा लागतो. पुरावा कसा असतो याचे चांगले उदाहरण साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर मिळते. तेथे नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून पवनचक्क्या आहेत. मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले या संशोधकांनी चक्क्या असलेल्या आणि नसलेल्या भागांची तुलना केली. त्यांचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले.

चक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीने कमी आढळले. हे पक्षी ज्यांना खातात ते सरडे मात्र तेथे जास्त होते. गळ्याखाली रंगीत पंखा फुलवणारा हा सरडा. शास्त्रज्ञांनी त्याच्या प्रजातीचे नावच ‘सरडा’ असे ठेवले आहे. चक्क्यांच्या भागातील सरडे कमी बुजरे होते. त्यांच्या रक्तातील ताणाचे संप्रेरक कमी होते. पण त्यांची अंगयष्टी बारीक होती आणि नरांच्या पंख्याचे रंग फिके होते. खाणारे कमी झाले, सरडे वाढले, मग अन्नासाठी त्यांच्यातच ओढाताण झाली, असा याचा अर्थ लावला गेला. चक्की येथे अन्नसाखळीच्या शेंड्यावर बसलेल्या शिकाऱ्यासारखे काम करते.

हा अभ्यास चक्की चांगली की वाईट, हे सांगत नाही. काय बदलले, किती बदलले आणि ते कशावरून कळले, एवढेच तो सांगतो. निवाडा करणाऱ्याला नेमकी हीच माहिती हवी असते.

ढग पळवल्याचा आरोप

याच्या उलट उदाहरणही पाहू. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत सातारा, सांगली आणि धुळे या भागांत पाऊस कमी पडला. तेव्हा पवनचक्क्यांनी ढग पळवले, असे अनेकांना वाटले. त्यांचे हाल खरे होते, पण कारण चुकले होते.

पाऊस पडतो तो बाष्पाने भरलेली हवा वर चढून थंड झाल्याने. एक हजार मीटर उंचीचा सह्याद्री हवेला वर ढकलतो, म्हणून पश्चिमेकडे पाऊस कोसळतो आणि पूर्वेकडे आटपाडी-जत कोरडे राहते. सुमारे शंभर मीटर उंचीची चक्की जमिनीलगतच्या हवेतून थोडी ऊर्जा घेते आणि काही अंतरावर वारा पुन्हा सावरतो. मोठ्या पवनक्षेत्रांत रात्रीचे जमिनीचे तापमान किंचित वाढते, असे अमेरिकेत टेक्सासमध्ये उपग्रहांच्या साहाय्याने आढळले आहे. पण ढग हाकलण्याशी त्याचा संबंध नाही. सर्वांत सोपा पुरावा घरातल्या वडीलधाऱ्यांकडे आहे. १९७२ च्या दुष्काळात या डोंगरांवर एकही पवनचक्की नव्हती.

हे का सांगायचे? चुकीचे कारण पुढे केले, की खरी तक्रारही हसण्यावारी जाते. धूप, गाळ, अडवलेली वाट, न विचारता दिलेली जमीन या गोष्टी सिद्ध करता येतात. पळालेला ढग सिद्ध करता येत नाही.

कायद्याची दारे

आपल्याकडे गावाला कोणकोणती दारे ठोठावता येतात? एक दार मुळातच बंद आहे. २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेच्या यादीत पवनऊर्जा नाही. म्हणून औष्णिक वीजकेंद्राच्या आधी होते तशी जनसुनावणी पवनचक्कीच्या आधी होत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानेही २०१६ मध्ये पवनऊर्जेला सर्वांत निरुपद्रवी, म्हणजे पांढऱ्या वर्गात घातले. धुराच्या दृष्टीने हे बरोबरच आहे. पण धूर नाही म्हणजे आघात नाही, असे होत नाही.

जमीन वनाची असेल तर १९८० चा वनसंवर्धन कायदा लागतो आणि केंद्राची मंजुरी घ्यावी लागते. त्या मंजुरीविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. त्याचे पश्चिम विभागाचे पीठ पुण्याला आहे. पण अपिलाची मुदत फक्त ३० दिवसांची आहे. सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवस मिळतात. डोंगरातल्या पाड्यावर मंजुरीची बातमी पोहोचेपर्यंतच ही मुदत सरू शकते.

दुसरे दार २००६ च्या वनहक्क कायद्याचे. वनावरचे सामूहिक हक्क ठरवण्याची सुरुवात ग्रामसभेपासून होते आणि आपले वन व अधिवास राखण्याचा अधिकारही ग्रामसभेला आहे. ३ ऑगस्ट २००९ च्या परिपत्रकाने केंद्राने असे ठरवले होते, की वनजमीन वळती करण्याच्या प्रस्तावासोबत ग्रामसभेची संमती हवी. या अधिकाराला सर्वांत मोठे बळ मिळाले ते ओडिशातील नियमगिरीच्या खटल्यात. प्रश्न बॉक्साइटच्या खाणीचा होता. १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ग्रामसभांना विचारण्याचा आदेश दिला. बारा गावांच्या ग्रामसभा झाल्या आणि बाराही गावांनी नकार दिला. पुढे २०२२ व २०२३ च्या नियमांनी केंद्राच्या मंजुरीआधी ही संमती तपासण्याची अट काढली आणि वनहक्क कायदा पाळण्याची जबाबदारी राज्यावर सोपवली. कायदा तोच राहिला. पण विचारणा उशिरा होण्याचा धोका वाढला.

येथे एक बारकावा आहे. हरित न्यायाधिकरणाला ज्या कायद्यांखालील वाद ऐकता येतात, त्यांच्या यादीत वनहक्क कायदा नाही. तो हक्क डावलला गेला तर दाद उच्च न्यायालयात मागावी लागते. जव्हार आणि मोखाडा हे तालुके अनुसूचित क्षेत्रात असल्याने तेथे १९९६ चा पेसा कायदाही लागू आहे. शिवाय आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला परवानगीवाचून हस्तांतरित करण्यास महाराष्ट्र जमीन महसूल संहिता मनाई करते.

फोसेनचा धडा

निकाल लागला तरी उशीर काय करतो, हे नॉर्वेतील फोसेनच्या खटल्यात दिसते. सामी हे तेथील मूळ रहिवासी. त्यांतील काही कुटुंबे रेनडियर पाळतात. हिवाळ्यात रेनडियर बर्फाखालचे दगडफूल खातात. जोराच्या वाऱ्याने ज्या डोंगरमाथ्यांवर बर्फ कमी साचते, तेथे ते सहज मिळते. आणि वारा जोराचा म्हणून चक्क्यांनाही त्याच जागा हव्या होत्या. घनाचा नियम येथेही आडवा आला.

२०१० मध्ये परवाने दिले गेले. सामींनी हरकत घेतली. पण खटला संपण्याआधीच बांधकामाला मुभा मिळाली. स्टोरहैया आणि रोआन येथे मिळून १५१ चक्क्या उभ्या राहिल्या. खालच्या न्यायालयाने भरपाई देऊ केली. रेनडियरना कुंपणात ठेवून चारा घालता येईल, असा त्यामागचा हिशेब होता. ११ ऑक्टोबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनी एकमताने निकाल दिला, की परवाने अवैध आहेत, कारण त्यांनी सामींच्या संस्कृतीच्या हक्काचा भंग केला आहे. कुंपणात चारा घालणे म्हणजे ती संस्कृती जपणे नव्हे, हेही न्यायालयाने पाहिले.

चक्क्यांचे काय करायचे, हे मात्र न्यायालयाने सांगितले नाही. त्या फिरतच राहिल्या. २०२३ मध्ये सामी तरुणांनी ऑस्लोमध्ये मंत्रालयांची दारे अडवली. अखेर डिसेंबर २०२३ आणि मार्च २०२४ मध्ये पशुपालकांशी समझोते झाले. खटला जिंकूनही चक्क्या डोंगरावरच राहिल्या. विचारायचे ते उभारणीआधी विचारावे, हा त्याचा धडा.

दुसरी बाजू

पवनचक्क्या नकोतच, असे आम्ही म्हणत नाही. कोळशाने होणारी तापमानवाढही गरिबालाच आधी गाठते. माळढोक पक्षी आणि सौर-पवन प्रकल्पांच्या वीजतारा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २१ मार्च २०२४ रोजी म्हटले, की हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हाही नागरिकांचा हक्क आहे. म्हणून त्याने तारा जमिनीखालून नेण्याचा आधीचा सरसकट आदेश मागे घेतला आणि तज्ज्ञ समिती नेमली. दोन्ही पारड्यांत वजन आहे. अशा वेळी जागा कोणती, वाट कोठून आणि विचारले कोणाला, यावरच न्याय अवलंबून राहतो.

वर्गात काय करता येईल?

वाऱ्याचा वेग आणि त्याचा घन यांचा आलेख मुलांकडून काढून घ्यावा. गावाच्या समोच्चरेषांच्या नकाशावर डोंगरधारेपर्यंत रुंद रस्ता आखायला सांगावे आणि तो किती ओढे, शेते, पायवाटा ओलांडतो ते मोजावे. मोठ्या मुलांची अभिरूप सुनावणी घ्यावी. कोणी ग्रामसभा, कोणी कंपनी, कोणी वनखाते, कोणी न्यायाधीश होईल. नियम एकच: ज्याच्यामागे मोजमाप किंवा नोंद नाही, ते विधान मांडायचे नाही.

सर्वांत मोलाचा उपक्रम मात्र संथ आहे. शाळेत एक वही ठेवावी. कोणता झरा कोणत्या महिन्यापर्यंत वाहिला, कोणता पक्षी कोठे दिसला, सरपणाची वाट कोठून जाते, गुरे कोठे चरतात, कोणत्या रानातून कोणता कंद येतो, हे तारीख घालून लिहावे. गावाला हे सारे तोंडपाठ असते, पण तोंडपाठ गोष्ट फाइलीत जात नाही. आंध्रा तलावाच्या डोंगरांवर एका वनक्षेत्रपालाने शेकरूची नोंद केली. ती डावलली गेली, तरी कागदावर होती म्हणूनच पुढे तज्ज्ञ गटाला ती सापडली.

एखाद्या डोंगरावर वारा मोजणारा खांब उभा राहतो, तेव्हा वाऱ्याची वर्षभराची नोंद कंपनीकडे तयार होत असते. त्याच डोंगरावरच्या माणसांच्या वावराची नोंदही त्या वेळी कोणाकडे तरी हवी. शाळेएवढी चांगली जागा तिला दुसरी नाही.